छप्पर राहू दे, आधी हॉल खाली आण

आदरणीय मॅडम,
मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे, राहायला बेळगावात, अनगोळला. थिसिससाठी शहरी रेल्वे स्थानक घेतलंय. जागा तिसऱ्या आणि चौथ्या रेल्वे गेटच्या मधली. एका अंगाला उद्यमबाग, दुसऱ्या अंगाला अनगोळ. खानापूर, देसूरकडून रोज कामाला आणि कॉलेजला येणाऱ्यांना मुख्य स्थानकापर्यंत जाऊन परत उलटं यावं लागू नये, ही कल्पना. रुळांच्या वर ९ मीटरवर मोठा हॉल केलाय, त्यात दुकानांचे गाळे आहेत. सगळ्यावर सह्याद्रीच्या रांगांसारखं लाटालाटांचं एकच छप्पर, त्याची कड फलाटापासून १४ मीटर उंच. मधल्या ज्युरीला (काम अर्ध्यावर असतानाच्या परीक्षणाला) बाहेरून आलेले सर म्हणाले, "हा विमानतळ झालाय, स्थानक कुठंय?" माझे गाईड सर म्हणतात, छप्पर हाच तुझा प्रकल्प, त्याला हात लावू नकोस. घरी मॉडेल बघून आजीनं एवढंच विचारलं, "मी वर चढायचं कसं गं?" सबमिशनला अडीच महिने आहेत. छप्पर टाकून देऊ का? त्याच्याशिवाय बेळगावची ओळख कशी आणू? आणि बाबा (ते उद्यमबागेत फौंड्रीत आहेत) म्हणतात, रेल्वेची कामं तुला कोण देणार, बंगल्यांचे प्लॅन शिक. त्यांना काय सांगू?
— नाव छापू नये ही विनंती, अनगोळ

छप्पर टाकू नकोस. पण पुढचे तीन आठवडे त्याच्याकडे बघूही नकोस. तुझ्या पत्रात तिघांची मतं आहेत आणि त्यांतलं सगळ्यात नेमकं आजीचं आहे. ज्युरीतल्या सरांना जे खटकलं तेच आजीलाही खटकलं. सरांनी शेरा मारला, आजीनं कारण सांगितलं.

तू पत्रासोबत पाठवलेल्या शीट मी नीट बघितल्या. चारही बाजूंची दर्शनं आहेत, आकाशातून दिसणारं दृश्य आहे, रात्रीचं दृश्य आहे. सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापून आतल्या पातळ्या दाखवणारं ड्रॉइंग, शेवटच्या शीटच्या कोपऱ्यात, तळहाताएवढा. घराच्या डिझाईनमध्ये हे एक वेळ खपून जातं. स्थानकात खपत नाही, कारण स्थानकाचं सगळं भांडण उभ्या दिशेला असतं. रस्ता एका पातळीवर, रूळ दुसऱ्या, फलाट तिसऱ्या, पूल चौथ्या, आणि या चारही पातळ्यांवरून माणसानं हातातल्या पिशव्यांसकट जायचं असतं. म्हणून तुझं काम सेक्शनपासून सुरू व्हायला हवं. अनगोळच्या बाजूच्या रस्त्यापासून उद्यमबागेच्या बाजूच्या रस्त्यापर्यंत, रुळांना आडवा, एकच सलग सेक्शन, १:५० च्या प्रमाणात.

आता आकडे मांडू. ब्रॉडगेजवर उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर उंच असतो. ८०० धर. आपल्या मार्गावर आता विजेवरच्या गाड्या धावतात, वर २५,००० व्होल्टची तार आहे, त्यामुळे रुळांवरून जाणाऱ्या पुलाचा तळ रुळापासून किमान ६.२५ मीटरवर ठेवावा लागतो. त्यावर गर्डर आणि स्लॅब मिळून ९०० मिलिमीटर धरले तर चालायची पातळी ७.१५ मीटरवर येते. फलाटावरून चढ झाला ६.३५ मीटर. १५० मिलिमीटरची पायरी धरली तर ४३ पायऱ्या. तू हॉल नेलायस ९ मीटरवर, म्हणजे फलाटावरून ८.२ मीटर, ५५ पायऱ्या. या वरच्या बारा पायऱ्या तारेमुळे लागत नाहीत, गर्डरमुळेही लागत नाहीत. हॉलमधून डोंगर दिसावेत म्हणून त्या वाढल्यात. आणि हा चढ एकदाच नाही. रस्त्यावरून वर यायचं आणि परत फलाटावर उतरायचं, संध्याकाळी हेच उलटं. रोज ये-जा करणाऱ्याला बारा पायऱ्यांचा भुर्दंड दिवसातून चारदा.

रॅम्पचा हिशोबही मांड. १२ ला १ असा उतार धरला तर ६.३५ मीटर चढायला ७६ मीटर लांबी लागते, शिवाय दर ९ मीटरला दम खायला सपाट जागा. सगळं मिळून ९० मीटरच्या आत-बाहेर. ९ मीटरच्या हॉलसाठी हाच रॅम्प शंभरच्या बराच पुढे जातो, म्हणून तू तो काढलाच नाहीस आणि दोन लिफ्टवर भागवलंस. लिफ्ट हवीच. पण लिफ्ट बंद पडते, वीज जाते, दुरुस्तीला माणूस यायला चार दिवस लागतात. त्या चार दिवसांत व्हीलचेअरवरच्या माणसानं काय करायचं? रॅम्प फलाटाच्या मागच्या कुंपणाला लागून दोन घड्यांत बसव. जागा खातो, खाऊ दे. छपराइतकीच मेहनत त्याच्यावर घे. उजेड कुठून येतो, मध्ये टेकायला कठडा कुठे आहे, वळणावर समोरून येणारा दिसतो का, हे सगळं काढ.

"खालून सबवे का नको?" असं ज्युरी विचारणार, तेव्हा उत्तर तयार ठेव. सबवेला चढ-उतार कमी लागतो हे खरंच. अडीच मीटरची उंची, वर स्लॅब आणि खडीचा थर धरला तरी फलाटापासून साडेचार-पाच मीटरमध्ये काम होतं. अडचण पाण्याची आहे. पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगला की शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारात काय होतं ते तुला मी सांगायला नको. सबवे काढलास तर त्यातलं पाणी कुठल्या नाल्याला, किती उतारानं जाणार आणि पंप बंद पडला तर काय, हेही काढावं लागेल. मला विचारशील तर तुझ्या जागेत पूलच बरा. पण जागेवरच्या पातळ्या तू घेतल्यायस, मी नाही. रूळ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा जिथं खाली खोदून नेलेत तिथं पूल स्वस्तात पडतो, जिथं भरावावर आहेत तिथं सबवे. तुझ्या साडेतीनशे-चारशे मीटरच्या पट्ट्यात एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरं असंही निघू शकतं. आणखी एक बघ. तिसऱ्या गेटवरचा उड्डाणपूल आधीच रुळांच्या वर चढून गेलाय. त्याच्या चढावर एखाद्या ठिकाणी रस्त्याची पातळी आणि तुझ्या पुलाची पातळी जुळते का? जुळली तर खानापूर रोडवरून बसनं येणाऱ्याला एक पायरीही न चढता आत घेता येईल. वाहनं थांबवायला पुलाबाहेर वेगळा कप्पा काढावा लागेल, तो बसत नसेल तर सोडून दे. पण बघितल्याशिवाय सोडू नकोस.

इथंच मला तुझ्या प्रकल्पातली सगळ्यात मोठी संधी दिसते आणि तू तिच्याकडे पाठ केलीयस. आपलं गाव रुळांनी चिरलंय. पहिलं गेट, दुसरं, तिसरं, चौथं, आपण पत्तेसुद्धा गेटांवरून सांगतो. जिथं उड्डाणपूल झाले तिथं गाड्यांची सोय झाली, पायी जाणाऱ्याचा रस्ता मात्र लांबला. बाई भाजी घेऊन, पोरगं दप्तर घेऊन अजूनही रुळांवरूनच पलीकडे जातं. तुझ्या प्लॅनमध्ये हॉलमध्ये शिरायलाच तिकीट लागतं, आणि उद्यमबागेच्या बाजूला तर नुसती भिंत आहे, मागची बाजू म्हणून सोडून दिलेली. ती भिंत काढ. पूल दोन भागांत कर. एक भाग गावाचा, ज्यावरून तिकीट न काढता कुणीही, कधीही, सायकल ढकलतही पलीकडे जाईल. दुसरा भाग प्रवाशांचा, त्यालाच लागून, मध्ये जाळी आणि तिकीट तपासणी. दोन्ही तोंडं सारखीच महत्त्वाची. असं केलंस तर दिवसभरात मोजक्याच गाड्या थांबल्या तरी तुझी इमारत दिवसभर उपयोगात राहील, आणि तुझे गाळेही चालतील. लोक जिथून तसंही चालत जातात तिथं दुकान चालतं. ९ मीटर वर, फक्त तिकीटवाल्यांसाठी, दोन गाड्यांच्या मध्ये ओस पडणाऱ्या हॉलमध्ये ते तग धरणार नाही. रुळांवरच्या भागात पुलाचा कठडा डोक्याच्या वर जाईल इतका बंद ठेव, खाली तार आहे. हे विसरलीस तर रेल्वेतला कुठलाही माणूस तुझी शीट तिथंच मिटवेल.

गाळ्यांवरून आणखी एक गोष्ट, आणि ही मी अगदी कळकळीनं सांगते. तू चार गाळे बरोबर जिन्याच्या तोंडाशी ठेवलेत. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या (आता प्रभादेवी) पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. सकाळची गर्दी, त्यात अचानक पाऊस आला, पुलावरची माणसं बाहेर पडेनात आणि मागून गाड्यांमधून उतरणारे येतच राहिले. अरुंद जिना हे कारण होतंच, पण पावसात थांबायला दुसरी जागा नव्हती हेही होतं. आपल्याकडे पाऊस काही कमी नाही. म्हणून जिन्याच्या वरच्या तोंडाशी आणि पायथ्याशी छपराखालची मोकळी जागा ठेव, जिथं छत्री उघडायला, मिटायला, कुणाची वाट बघायला माणूस वाटेतून बाजूला होऊ शकेल. तिथं गाळा नको, बाक नको, जाहिरातीचा फलकही नको.

जिना कसा असावा हे शिकायचं असेल तर एखाद्या सकाळी मुख्य स्थानकावर जा. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं. कॅमेरा बाहेर काढू नकोस, स्केचबुक ने. खानापूरकडून पॅसेंजर आली की डोक्यावर पाटी घेऊन उतरणाऱ्या एखाद्या बाईच्या पायांकडे बघ. चुंबळीवर पाटी तोलायची तर मान सरळ ठेवावी लागते, तिला पायरी दिसत नाही. ती पायानं पायरी चाचपते आणि पहिल्या दोन पायऱ्यांवरून पुढच्या सगळ्यांची उंची धरून चालते. मधली एक पायरी वीस मिलिमीटरनं कमी-जास्त झाली की ठेच लागलीच. आपल्याकडे जिन्याची पहिली आणि शेवटची पायरी हमखास वेगळी असते, कारण फरशी नंतर बसते आणि तिची जाडी कुणी हिशोबात धरलेली नसते. तुझ्या ड्रॉइंगमध्ये फरशीसकट सगळ्या पायऱ्या एकसारख्या दाखव, १५० उंच, ३०० रुंद. कठडा दोन्ही बाजूंना, आणि रुंद जिन्यात मधोमधही. पाटीवालीच्या डोक्यावरची पाटी धरून वरची मोकळी उंची मोज, कारण ती साडेसात-आठ फुटांची होते. मग रजेवर निघालेले किंवा परत येणारे मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान बघ. काळी पत्र्याची ट्रंक दोघं मिळून कशी नेतात, जिन्याच्या वळणावर ती कुठे अडते, निरोप द्यायला आलेली घरची माणसं कुठे उभी राहतात. त्या माणसांना कुठल्याच स्थानकात नेमून दिलेली जागा नसते. तुझ्यात दे.

आता पाऊस आणि तुझं छप्पर. उंच माणसानं स्वतःच्या डोक्यावर धरलेल्या छत्रीत बुटका माणूस भिजतो, तसं तुझ्या फलाटाचं होणार आहे. झड ४५ अंशांत आली तर छपराची कड जितकी उंच तितकी ती आत येते. कड १४ मीटर उंच आणि फलाट ८ मीटर रुंद, म्हणजे वाऱ्याच्या बाजूचा फलाट पुरता ओला. तीच कड पावणेचार-चार मीटरवर आणलीस तर निम्मा फलाट कोरडा राहतो. म्हणून मी म्हणते, छप्पर दोन कर. फलाटांवर बुटकी, लांब, वाऱ्याकडे झुकलेली छपरं, त्यांचं पाणी मधल्या पन्हळीत येऊन खांबातल्या नळातून खाली जाणारं. मध्ये पाठीला पाठ लावलेले कट्टे आणि त्यांच्यामध्ये झड अडवणारा पडदा, काचेचा किंवा जाळीचा. आणि तुझी डोंगररांगेची लाट फक्त पुलावर, जिथं दोन्ही गावं भेटतात तिथं. ती लहान होईल, पण तिला काम मिळेल. रूळ तुझ्या जागेत कुठल्या दिशेनं धावतात आणि नैऋत्येचा वारा त्यांना किती कोनात कापतो, हे बाणासह प्लॅनवर दाखव. कुठली बाजू बुटकी आणि कुठली उंच हे त्यावरून ठरेल, आणि मग लाटेचा आकार का असा, या प्रश्नाला तुझ्याकडे "सह्याद्री" याच्यापेक्षा भक्कम उत्तर असेल.

गाईडांशी याच मार्गानं बोल. ते छप्पर वाचवू बघताहेत ते तुझ्या भल्यासाठीच, त्यात त्यांना तुझी ताकद दिसलीय. त्यांच्यासमोर "बाहेरचे सर असं म्हणाले" यानं सुरुवात करू नकोस. सेक्शन पुढे ठेव, ४५ अंशांची रेघ मारून दाखव आणि विचार, "सर, छप्पर ठेवून फलाट कोरडा कसा ठेवू?" मग ते तुझ्या बाजूनं विचार करायला लागतील.

फलाटाच्या लांबीचं थोडक्यात. तू ६०० मीटरचे फलाट काढलेत. २४ डब्यांच्या एक्स्प्रेसला एका डब्याचे २४ मीटर धरून ५७६ मीटर लागतात, तिथून तो आकडा आलाय. पण मुख्य स्थानक इतकं जवळ असताना एक्स्प्रेस तुझ्याकडे थांबणार नाही, थांबूही नये. तुझं स्थानक पॅसेंजरचं. बारा डब्यांना ३०० मीटर पुरतात. हुबळीचा १५०७ मीटरचा फलाट जगात सगळ्यात लांब आहे, पण ते जंक्शन आहे, त्याची गरज वेगळी. फलाट निम्म्यावर आणलास की जागेतल्या दोन अडचणीही हलक्या होतील. स्थानकाच्या आवारात रुळांचा चढ ४०० ला १ पेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे ३०० मीटरमध्ये पाऊण मीटर. एवढा सपाट पट्टा शोधणं ६०० मीटरपेक्षा सोपं. आणि तो सरळ असू दे. वळणावर फलाट आला की डबा आणि फलाट यांच्यातली फट वाढते, तिथं लहान मुलाचा पाय जातो. प्लॅनवर मोकळी दिसणारी अनगोळ शिवारातली शेतं पार्किंगमध्ये रंगवून टाकू नकोस. कित्तूरमार्गे धारवाडला जाणाऱ्या नव्या मार्गाच्या जमिनीवरून शेतकरी का भांडताहेत हे तू रोज पेपरात वाचतेस. पार्किंग दुचाकींपुरतं ठेव, रिक्षा आणि सिटी बससाठी प्रत्येक तोंडाशी एकेक छोटा कप्पा.

ओळखीचा प्रश्न तू छपराशी बांधलायस म्हणून तो तुला इतका जड वाटतोय. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८८८ मध्ये पूर्ण झालं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा तो घुमट सगळ्यांना माहीत आहे. पण त्या स्थानकाची रोजची खरी देणगी अशी की रूळ तिथं संपतात, त्यामुळे रस्त्यावरून आलेला माणूस जिना न चढता सरळ फलाटाच्या टोकाशी पोचतो. लोकांना ती इमारत आपली वाटते यात त्या सोयीचाही वाटा आहे, असं माझं मत आहे. बेळगावची ओळख किल्ल्याचे बुरूज दर्शनी भागाला चिकटवून येणार नाही. किल्ल्यातल्या जैन मंदिराचं, कमळ बस्तीचं, कमळ काँक्रिटमध्ये ओतूनही नाही. ती सामानातून येऊ दे. खानापूरची कौलं फलाटांच्या बुटक्या छपरांना शोभतील आणि पावसात पत्र्यासारखा आवाज करणार नाहीत, त्यामुळे घोषणा ऐकू येतील. आवाराच्या भिंतींना जांभा. पायाखाली घासून गुळगुळीत केलेला ग्रॅनाइट मुळीच नको, ओल्या चपलेनं त्यावर माणूस आडवा होतो. टाकी मारलेला काळा दगड किंवा पॉलिश न केलेली शहाबादी घे. आणि आपल्या गल्ल्यांतल्या घरांसमोर असतो तसा कट्टा, बाकाऐवजी. त्यावर ओझं टेकवता येतं, पाय वर घेऊन बसता येतं, डबा उघडता येतो.

पाट्यांचा विचार तुझ्या शीटमध्ये दिसला नाही. रेल्वेच्या पाटीवर कन्नड, हिंदी, इंग्रजी असतं. तुझ्या पॅसेंजरमध्ये खानापूरची मराठी, बैलहोंगलची कन्नड, घरात उर्दू बोलणारी, आणि मुळीच वाचता न येणारी अशी सगळी माणसं एका बाकावर येणार. अक्षरं सगळ्यांची सारख्या मापाची ठेव आणि त्यांच्या जोडीला मोठे आकडे, ठळक चित्रखुणा आणि दोन्ही तोंडांना वेगळे रंग दे, म्हणजे "निळ्या दारानं ये" एवढं फोनवर सांगून भागेल. शौचालयं पुलावर नकोत. दोन्ही बाजूंना, रस्त्याच्या पातळीवर, उजेडात, बायकांसाठी पुरुषांपेक्षा जास्त.

बाबांची काळजी रास्त आहे, तिला उडवून लावू नकोस. पण त्यांना सांग की रेल्वेची कामं आता आपल्या डोळ्यांसमोर चाललीयेत. आपल्याच मुख्य स्थानकाच्या नव्या इमारतीचं लोकार्पण २७ फेब्रुवारी २०२३ ला झालं. स्थानकं सुधारायच्या अमृत भारत योजनेत देशभरातली तेराशेच्या वर स्थानकं घेतलीत, त्यात आपलं गोकाक रोडही आहे. ती सगळी कुणीतरी काढतंय. पहिली नोकरी कदाचित बंगल्यांचीच मिळेल, त्यात काही कमीपणा नाही. पण सेक्शनवर पक्की मांड असलेल्या पोरीला मोठ्या कामांवर घ्यायला कार्यालयं तयार असतात, हे मी बघत आलेय.

आणि बाबांना नुसतं समजावू नकोस, कामाला लाव. ते रोज उद्यमबागेत जातात. कुठल्या फाटकातून किती माणसं बाहेर पडतात, शिफ्ट किती वाजता सुटते, त्यांतली किती पायी, किती दुचाकीवर, किती जण खानापूरच्या बाजूचे, गेट बंद असलं की कुठून पलीकडे जातात, हे त्यांना विचारून वहीत उतरव. एखाद्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर चौथ्या गेटवर उभी राहून तूही मोज. ज्युरीतले सर पहिला प्रश्न हाच विचारणार की हे स्थानक कुणासाठी, तेव्हा ती वही पुढे ठेवायची. सेक्शन तयार झाला की मला पाठव, प्लॅन नंतर.